हेडिंग सेन्सर: कुठला घ्यावा, आणि बोटीत कुठे बसवावा

जीपीएस प्लॉटरला, म्हणजे नकाशावर बोट दाखवणाऱ्या पडद्याला, बोट कुठे आहे आणि कुठे सरकते आहे एवढंच कळतं. नाळेचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचं, तोंड कुठे आहे ते त्याला कळत नाही. ५ नॉटने (ताशी ५ सागरी मैलांनी) चाललेल्या बोटीला दीड नॉटचा आडवा प्रवाह लागला, की ठरलेल्या रेषेवर राहायला नाळ १७ अंश प्रवाहाकडे वळवून ठेवावी लागते. प्लॉटर मात्र रेषेचीच दिशा दाखवत राहतो. बोट थांबली की ती दिशाही भिरभिरायला लागते. नाळेची दिशा म्हणजे हेडिंग, आणि ती सांगून ही उणीव भरून काढणारी मुठीएवढी डबी म्हणजे हेडिंग सेन्सर.

घेण्याआधी गरज तपासा. बोटीवर रडार नाही, ऑटोपायलट नाही, नुसता प्लॉटर आणि फिशफाइंडर आहे, तर हा खर्च करू नका. तेच पैसे एआयएसवर (आसपासची जहाजं रेडिओवरून दाखवणाऱ्या यंत्रावर) घाला. रडार असेल तर मात्र गोष्ट बदलते. रडारचं चित्र नकाशावर चढवायचं (ओव्हरले) असेल किंवा समोरच्या जहाजाचा वेग आणि मार्ग रडारकडून काढून घ्यायचा असेल, तर हेडिंग स्थिर आणि लगोलग मिळायला हवं. ३ अंशांची चूक ६ सागरी मैलांवर जवळपास ५८० मीटर होते. तेवढ्या फरकाने रडारवरचा बोया नकाशावरच्या बोयापासून बाजूला पडतो, आणि अंधारात तांडेलाला त्याच्या जागी दोन बोये दिसतात. ऑटोपायलटला तर हेडिंगशिवाय चालताच येत नाही.

बाजारात आता तीन जाती आहेत. जुनी फ्लक्सगेट: तेलात तरंगणारी किंवा झुलत्या चौकटीत बसवलेली, चुंबकीय क्षेत्र मोजणारी कॉइल. लाटेवर ती झुलते, वळणात मागे राहते आणि वळण संपल्यावर पुढे पळते. आधीच बसवलेली असेल तर वापरा, नवी घेऊ नका. दुसरी नऊ-अक्षी: तीन दिशांचे चुंबकमापक, तीन जायरो, तीन त्वरणमापक, सगळं एका चिपसंचात. जायरो झटपट वळण पकडतो, चुंबकमापक लांबच्या पल्ल्यात उत्तर दिशा धरून ठेवतो, आणि त्वरणमापक खालची दिशा सांगतो. तिसरी उपग्रह कंपास: एकाच घुमटात दोन किंवा अधिक अँटेना, त्यांच्यातल्या सिग्नलच्या सूक्ष्म फरकावरून दिशा. हिला चुंबकाशी काही देणंघेणं नाही.

नऊ-अक्षींपैकी प्रिसिजन-९ हा सिमराड आणि बी अँड जी या दोन्ही नावांनी मिळतो. अचूकता २ अंश, निकाल सेकंदाला १० वेळा, शिवाय वळणाचा वेग आणि बोटीचं डुलणंही तो नेटवर्कवर टाकतो. सर्वसाधारण फायबरच्या बोटीसाठी आमची पहिली पसंती हीच. रेमरीनचा ईव्ही-१ तितकाच चांगला, पण तो मुळात त्यांच्या इव्होल्यूशन ऑटोपायलटचा भाग आहे. रेमरीनच्या सीटॉक-एनजी नेटवर्कचा वेगळा प्लग साध्या एनएमईए २००० ला (बोटीवरची यंत्रं जोडणाऱ्या प्रमाणित नेटवर्कला) जोडायला अडॅप्टर केबल लागते, आणि ती दर वेळी डब्यात असतेच असं नाही. गार्मिनचा स्टेडीकास्ट ३ अंशांच्या वर्गातला. रडार ओव्हरलेसाठी पुरेसा, ऑटोपायलटसाठी घेऊ नये. गार्मिनचे रिॲक्टर पायलट आपला सेन्सर सीसीयूच्या, म्हणजे पायलटच्या मेंदूच्या, डब्यात घेऊनच येतात. एअरमारचा एच२१८३ महाग वाटतो, पण जुनं एनएमईए ०१८३ आणि नवं २००० दोन्ही बोलतो, त्यामुळे जुना रडार आणि नवा प्लॉटर एकाच बोटीवर असतील तर हाच सोयीचा. फुरुनोचा पीजी-७०० फुरुनोच्या संचात गपगुमान काम करतो. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि सेन्सरबद्दल ही स्तुतीच आहे.

उपग्रह कंपासमध्ये फुरुनोचा एससीएक्स-२० बघा. चार अँटेना, अचूकता अर्ध्या अंशाच्या आसपास, एनएमईए २००० वर चालतो. किंमत चांगल्या नऊ-अक्षी सेन्सरच्या दुपटीहून जास्त. ती कुणी मोजावी ते पुढे येईल.

परदेशी मासिकांतल्या चाचण्या वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं नसतं, ते जमिनीत तिरकं घुसतं. मुंबई-अलिबागजवळ हा कोन साधारण २६ अंश, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ६५ अंशांच्या पुढे. बोट कलल्यावर सेन्सरने कल मोजण्यात १ अंशाची गफलत केली, तर हेडिंगमधली चूक इथे जास्तीत जास्त अर्धा अंश, तिथे २ अंशांहून अधिक. शिवाय दिशा दाखवणारा आडवा घटक आपल्याकडे सुमारे ३८ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं माप), म्हणजे तिकडच्या जवळपास दुप्पट. तिकडे 'लाटेत डळमळतो' असा शेरा मिळालेला सेन्सर कोकण किनाऱ्यावर बराच शहाण्यासारखा वागतो. म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांतल्या अर्ध्या अंशावर रात्र जागवू नका. इथे बोटी चुकतात त्या जागेमुळे.

जागेचं गणित सरळ आहे. एकट्या वायरमधून १० अँपिअर डीसी करंट गेला, तर १० सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं. ते ३८ च्या आडवं पडलं की हेडिंग जवळपास २८ अंश फिरतं. तीच वायर १ मीटरवर असेल तर ३ अंश. ५ अँपिअरचा बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा) २० सेंटिमीटरवरून ७ अंशांची चूक देतो, आणि ती पंप चालू असेपर्यंतच. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सेन्सर बोटीच्या लोखंडाशी जुळवून घेण्याच्या, वेळी पंप बंद असतो, सगळं झकास दिसतं. रात्री पंप सुरू झाला की पायलट हळूच वळतो आणि कारण कुणाला सापडत नाही. उपाय फुकटचा आहे: प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकमेकींवर पिळून न्या, म्हणजे दोघींची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ खोडतात. इंजिन ब्लॉकला मायनस समजून एकच वायर ओढण्याची सवय असेल, तर ती इथे भोवते.

करंटचा हा त्रास किती जुना आहे याची साक्ष अलिबागला उभी आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं, आणि तिथली इमारत लोखंड न वापरता बांधली. त्यांनी समुद्र ओलांडला. आपल्याला बोटीत १ मीटर सरकायचं आहे.

जागा मधल्या रेषेवर किंवा तिच्या जवळ, पाण्याच्या पातळीच्या आसपास, आणि बोट ज्या बिंदूभोवती डुलते त्याच्या शक्य तितकी जवळ असावी. डोलकाठीवर किंवा केबिनच्या छपरावर झोका मोठा, आणि त्वरणमापक त्यालाच कल समजतो. इंजिनपासून किमान २ मीटर. स्टार्टर, अल्टरनेटर, बॅटरीच्या जाड केबली, नांगराची साखळी आणि ती ओढणारा विंडलास यांच्यापासूनही तेवढंच अंतर. नेहमी विसरल्या जाणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात: व्हीएचएफ रेडिओचा बाहेरचा स्पीकर, वायपरची मोटर, भिंतीपलीकडची हत्यारांची पेटी, गॅस सिलिंडर, कप्प्याच्या झाकणावरचा चुंबकी खटका. बल्कहेडच्या (बोटीतल्या आडव्या भिंतीच्या) दोन्ही बाजू बघा. पलीकडच्या खोलीत काय ठेवतात ते खलाशाला विचारा.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. साधा हातातला होकायंत्र घ्या, निवडलेल्या जागेभोवती हातभर अंतरात एकाच दिशेला धरून हळूहळू फिरवा. सुई २-३ अंशांहून जास्त हलली तर जागा सोडा. मग इंजिन सुरू करा, पंप, दिवे, वायपर, विंडलास, व्हीएचएफवर ट्रान्समिट, एकेक करून चालू-बंद करा, सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सुई हलता कामा नये. मोबाइलवरचं मॅग्नेटोमीटर ॲपही चालतं. आधी फोन हवेत आठाच्या आकारात फिरवा, चुंबक असलेलं कव्हर काढा, आणि उघड्यावर आकडा बघा. कोकणात तो ४२-४३ मायक्रोटेस्लाच्या आसपास यायला हवा. आत निवडलेल्या जागी तो ६० किंवा २५ दिसला तर शेजारी लोखंड आहे, दिसो वा न दिसो.

आता मासेमारीच्या ट्रॉलरचा प्रश्न. जागेवर पक्कं बसलेलं लोखंड कॅलिब्रेशनने वजा करता येतं. हलणारं लोखंड नाही. जाळं ओढणाऱ्या विंचवरची वायर रोप, जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या ट्रॉल फळ्या, जाळ्याची वजनं बंदरात डेकवर असतात आणि ओढ चालू असताना पाण्यात. म्हणजे बोटीची चुंबकीय तब्येतच बदलते, आणि एकाच कॅलिब्रेशनला दोन बोटी सांभाळता येत नाहीत. लाकडी किंवा फायबरच्या ट्रॉलरवर सेन्सर पुढच्या बाजूला, विंचपासून ४-५ मीटरवर नेता आला तर निभावतं. तेवढी जागा नसेल, किंवा हल (बोटीचं धड) पोलादी असेल, तर नऊ-अक्षी सेन्सरच्या नादी लागू नका. टग, बार्ज, पोलादी लाँच, सगळ्यांना हेच लागू. दुप्पट पैसे मोजून उपग्रह कंपास घ्यायचा तो यांनी.

त्याच्याही अटी आहेत. घुमटाला चारही बाजूंनी उघडं आकाश हवं. शेजारी उंच पोलादी मास्ट किंवा धुराडं असलं तर परावर्तित सिग्नल येतो आणि दिशा अधूनमधून उडी मारते. रडारच्या झोतात ठेवू नका. झोताच्या वर किंवा खाली न्या. एमएफ-एचएफ (लांब पल्ल्याचा) रेडिओ आणि सॅटेलाइट फोनच्या अँटेनापासून दूर. फार उंच टोकावरही नको, तिथला झोका दिशेत उतरतो. पुलाखालून जाताना आतला जायरो थोडा वेळ सांभाळून घेतो. पण स्थान आणि दिशा दोन्ही एकाच उपग्रहांवर अवलंबून राहतात. आखातात जॅमिंगच्या (उपग्रहांचा सिग्नल दाबून टाकण्याच्या) बातम्या येतात, तिकडे जाणाऱ्या बोटीवर दोन्ही एकदम जातील. अशा बोटीवर जुना नऊ-अक्षी सेन्सर काढून टाकू नये, आणि काचेखालचा चुंबकी होकायंत्र तर कुठल्याच बोटीवरून काढू नये.

बसवताना आधी दुहेरी चिकटपट्टीवर लावा, कॅलिब्रेशन करून बघा, पटलं की मगच भोकं पाडा. स्क्रू पितळेचे. स्टेनलेस चालतं असं म्हणतात, पण स्वस्त स्टेनलेस स्क्रू घडवताना थोडासा चुंबकी होतो. प्रत्येक स्क्रूला चुंबक लावून बघा, आणि तो चुंबक सेन्सरपासून लांब ठेवा. चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. बाण नाळेकडे, मधल्या रेषेला समांतर. सेन्सर मधल्या रेषेपासून अर्धा मीटर बाजूला असला तरी बिघडत नाही, पण बाण २ अंश तिरका असेल तर हेडिंगही २ अंश तिरकंच राहील. ईव्ही-१ आणि प्रिसिजन-९ सपाट बसवा. भिंतीवर लावायचा असेल तर कंपनीचं ब्रॅकेट घ्या, घरी वाकवलेली लोखंडी पट्टी नको.

वायरिंगमध्ये चुका ठरलेल्या असतात. एनएमईए २००० म्हणजे एक सरळ मुख्य केबल, दोन टोकांना १२० ओहमचे दोन टर्मिनेटर (टोक बंद करणारे रोधक), मधे टी (फाटा काढायचे जोड), आणि प्रत्येक टी पासून यंत्रापर्यंत जास्तीत जास्त ६ मीटरची उपकेबल. वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारेमध्ये मीटर लावा. ६० ओहम आलं तर ठीक. १२० आलं तर एक टर्मिनेटर गायब आहे. बहुधा कुणीतरी तो काढून त्या टोकाला सेन्सर लावला असणार. ४० आलं तर कुठेतरी तिसरा घुसला आहे. मुख्य केबलला वीज एकाच ठिकाणाहून द्या, शील्डही एकाच ठिकाणी जमिनीला जोडा. हे नेटवर्क १२ व्होल्टचं आहे, ९ ते १६ व्होल्टची मर्यादा. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉलर आणि कामाच्या बोटींवर २४ व्होल्ट असतात. तिथे २४ वरून १२ चा कन्व्हर्टर घ्यावाच लागतो, आणि दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्ट काढण्याचा जुगाड करू नये. एक बॅटरी सतत उपाशी राहते आणि इंजिन सुरू होताना व्होल्टेज इतकं पडतं की सेन्सर रीस्टार्ट होतो. आणि कन्व्हर्टरही सेन्सरपासून १ मीटरवर.

जुना रडार असेल तर एनएमईए ०१८३. सेकंदाला १० वेळा हेडिंग पाठवायचं तर ४८०० बॉडचा (माहिती पाठवण्याचा) वेग अपुरा पडू शकतो, दोन्हीकडे ३८४०० लावा. एकीकडे ४८०० आणि दुसरीकडे ३८४०० राहिलं तर पडद्यावर फक्त रेघा दिसतात आणि सेन्सर खराब म्हणून परत पाठवला जातो.

पायलटचा एक आणि नव्याने घेतलेला एक, असे दोन सेन्सर एकाच नेटवर्कवर असतील तर प्लॉटरच्या सेटिंगमध्ये हेडिंगचा स्रोत हाताने निवडा. 'ऑटो'वर सोडलं तर कधी हा, कधी तो, आणि रडारचं चित्र ४-५ अंशांनी इकडून तिकडे उडी मारतं.

कॅलिब्रेशनला शांत पाणी आणि भरती-ओहोटीच्या मधला थांबलेला वेळ निवडा. जेट्टी, पोलादी जहाजं, बुडालेलं भंगार, पूल यांच्यापासून लांब. मुंबई बंदरात कंटेनर जहाजांच्या रांगेत हे काम करू नये. मांडव्याच्या बाहेर मोकळ्या पाण्यात जा. बोट समुद्रात जशी असते तशी हवी: इंजिन चालू, सगळी यंत्रं चालू, साखळी आणि हत्यारं आपापल्या जागी, ट्रॉल फळ्या टांगलेल्या. ३ ते ५ नॉट, आणि वळण सेकंदाला ३ अंशांच्या आत, म्हणजे एका फेरीला २ मिनिटं. घाई केली की जायरो आणि चुंबक यांचं पटत नाही आणि 'फेल' येतं. प्रिसिजन-९ ला पूर्ण फेरीहून थोडं जास्त लागतं. ईव्ही-१ पहिल्या वळणांवरून स्वतःच शिकतो, डेव्हिएशनचा (बोटीतल्या लोखंडामुळे येणाऱ्या चुकीचा) आकडा दाखवतो आणि पुढेही जुळवून घेत राहतो. ट्रॉलरवर हे सततचं शिकणं त्रासाचं ठरू शकतं. त्यात कंपास लॉक आहे, एकदा समाधान झालं की तो चालू करा.

'यशस्वी' असा शब्द पडद्यावर आला म्हणजे संपलं नाही. आठ दिशांना प्रत्येकी दोन मिनिटं सरळ चाला. वारा आणि प्रवाह नसेल तर जीपीएसची दिशा आणि सेन्सरची दिशा यांतला फरक लिहून काढा. नकाशावर एका रेषेत येणाऱ्या दोन खुणा मिळाल्या तर आणखी बरं. फरक आठही दिशांना सारखाच असेल तर बाण तिरका आहे, प्लॉटरमध्ये तेवढा ऑफसेट टाका. एका फेरीत फरक एकदा अधिक आणि एकदा उणे होत असेल तर जवळ कायमचं चुंबकत्व आहे: स्पीकर, मोटर, करंटची वायर. दोनदा अधिक आणि दोनदा उणे होत असेल तर जवळच्या साध्या लोखंडाचा मोठा तुकडा क्षेत्र वाकवतो आहे, बहुतेक वेळा इंजिनच, जागाच बदला. ऑफसेट टाकून या दुसऱ्या-तिसऱ्या दोषावर पांघरूण घालणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. एका दिशेची चूक झाकली की दुसऱ्या कुठल्यातरी दिशेची दुप्पट होते.

शेवटी खरी उत्तर दिशा आणि चुंबकी उत्तर दिशा. नऊ-अक्षी सेन्सर चुंबकी दिशा देतो, प्लॉटर स्थानावरून व्हेरिएशन (दोन्ही उत्तरांतला फरक) मिळवतो. मुंबईजवळ ते १ अंशाच्याही आत आहे, त्यामुळे सेटिंग चुकलं तरी इथे कुणाला कळत नाही. दूर गेलं की कळतं. गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या शिडाच्या बोटी 'म्हादेई' आणि 'तारिणी' ज्या केपटाउनला थांबल्या, तिथे व्हेरिएशन पश्चिमेकडे २५ अंशांच्या आसपास आहे. सेन्सर आणि प्लॉटर दोघांनीही ते धरलं तर २५ अंशांचा गोंधळ. म्हणून सेन्सरकडून चुंबकीच घ्या आणि बेरीज-वजाबाकी एका प्लॉटरवर सोपवा.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. याच काळात इंजिन उतरतं, विंच बदलते, वेल्डिंग होतं. हलवर वेल्डिंग झालं असेल तर जुनं कॅलिब्रेशन गेलं असं धरा आणि हंगामाच्या पहिल्या फेरीआधी आठ दिशांचा तक्ता पुन्हा काढा. वेल्डिंगआधी सेन्सरचा प्लग काढून ठेवायला विसरू नका.